एफुआचा हिरवा

क्वामेना आर्हिनला लांबचं कधीच दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं त्याला फारसं वाईटही वाटलं नाही. अपामच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या पोराने मासेमारी करायची, हे ठरलेलंच. पण याला पहिल्यांदा होडीत घेतलं तेव्हा समोरची लाट अंगावर येईपर्यंत याला दिसली नाही. तांडेलाने किनाऱ्यावर उतरवलं आणि सांगितलं, बाबा रे, तू जमिनीवरच बरा. तेव्हापासून तो जमिनीवर राहिला आणि होड्या रंगवू लागला. हाताच्या अंतरावर त्याच्यासारखी नजर अख्ख्या किनाऱ्यावर कोणाची नव्हती. केसाएवढी रेघ तो होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा आणि ती कुठे जाडबारीक व्हायची नाही. हाताच्या पलीकडे मात्र सगळा धूर. समुद्र म्हणजे त्याच्या लेखी एक निळसर, हलणारा धूर, आणि त्यातून सकाळी होड्या येतात एवढं त्याला ऐकून माहीत.

चष्म्याचं कोणी नाव काढलं की म्हणायचा, मला जवळचं पुरतं. हट्टी माणूस, पण सुखी.

त्याची बायको एफुआ याच्या अगदी उलट. चढावर, वाळूपासून बरंच वर, त्यांचं घर. अंगणात मातीची गोल भट्टी, तीत ती तारली धुरावर भाजायची आणि बाजारात न्यायची. अंगणातून सगळा समुद्र दिसतो. पहाटे होड्या परतू लागल्या की कोणाची कुठली ते एफुआ सगळ्या बायकांच्या आधी सांगायची. आकारावरून नाही हो, इतक्या लांबून आकार कोण ओळखतो. रंगावरून. आमच्याकडे प्रत्येक होडीचा पेहराव वेगळा, आणि तो मालकिणीचा असतो. दुसऱ्याने उचलला तर भांडणं होतात. योफीची होडी दिसली की ती कमरेचं फडकं सोडायची, पीळ देऊन त्याची चुंबळ करायची, डोक्यावर घमेलं ठेवायची आणि उतारावरून खाली चालू लागायची.

योफी हा त्यांचा थोरला. माआमे अमिसा नावाच्या बाईची मोठी होडी होती, तिच्यावर तो जायचा. एका पहाटे ती होडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समुद्राने ना होडी परत दिली, ना माणसं.

त्यानंतर एफुआ खाली वाळूवर गेली नाही. वर येणाऱ्या बायकांकडूनच ती मासळी घ्यायची. तिने आपलं स्टूल फिरवलं, तोंड भट्टीकडे आणि पाठ समुद्राकडे. आणखी एक गोष्ट बदलली. आमच्या बायका नवऱ्याला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ती त्याला ‘योफीच्या बापा’ म्हणायची. त्या वर्षी कधीतरी ते ‘मान्साच्या बापा’ झालं. मान्सा त्यांची धाकटी. क्वामेनाने पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा हातातला कुंचला खाली ठेवला आणि मग ओ दिली. काय करणार?

बरीच वर्षं गेली. मग एक दिवस माआमे अमिसा धापा टाकत चढ चढून आली. नवी होडी कोरून झाली होती. पाणी प्याली आणि म्हणाली, की जुन्या होडीचा पेहराव माझाच आहे, तो नव्या होडीला घालायचाय, पण आधी एफुआला विचारल्याशिवाय घालणार नाही. भली बाई.

एफुआ भट्टीवरचे मासे उलटत राहिली. एक अख्खी जाळी उलटून झाल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं.

“घाला,” ती म्हणाली. “पण मान्साच्या बापा, तो हिरवा चुकवू नको. माझ्याजवळ तेवढाच उरलाय. चुकीचा हिरवा रोज त्या पाण्यावर दिसायला लागला, तर माझ्या डोळ्यांतला पण पुसून जाईल.”

“कसला हिरवा?” क्वामेना म्हणाला.

झालं. त्या होडीसाठी हिरव्या रंगाचा डबा आपण उघडलाच नव्हता, हे त्याने शपथेवर सांगितलं. आकाशी होता आणि पिवळा होता, वर टोकाला लाल. एफुआ म्हणाली, हिरवा होता, केळीचं कोवळं पान उलगडतं ना तसला. हा म्हणाला, अगं रंगवली मी की तू? हातच्या कांकणाला आरसा कशाला? ती म्हणाली, तू रंगवलीस, पण वाट मी बघितली. हा चिडून म्हणाला, दुरून डोंगर साजरे. माआमे अमिसा बिचारी पाण्याचा पेला हातात धरून इकडून तिकडे बघत बसली. शेजारच्या अंगणातल्या बायकाही कान देऊन होत्या, आणि खरं सांगू, त्यांना बरंच वाटलं. त्या होडीचं नाव त्या घरात इतकी वर्षं निघालं नव्हतं. भांडण का होईना, बोलले तरी.

अडचण पुढेच होती. क्वामेनाची छाती गेली होती. जन्मभर तेलरंग आणि रॉकेल हुंगून ती भात्यासारखी वाजायची, आणि डॉक्टरने रंगाचा वास घ्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. रंगवायचं काम खालच्या शेडमधल्या रंगाऱ्यांना द्यायचं ठरलं. त्यांनी साधी गोष्ट मागितली, चित्र दाखवा, रंगांसकट. चित्र कुठून आणणार? होडीचं चित्र होडीवर असतं. ती गेली की ते जातं. त्याने आयुष्यात एकही पेहराव कागदावर उतरवला नव्हता.

मान्सा तेव्हा अक्राहून घरी आली होती. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं रंगवायचं काम ती करते, तेही घरी बसून, लॅपटॉपवर. तिने आपली जुनी टॅब्लेट बापापुढे ठेवली. काळी, गुळगुळीत पाटी, आणि तिच्यासोबत एक पेन, ज्यात शाई नाही. पाटीवर लिहायचं आणि समोरच्या पडद्यावर उमटायचं.

“एजा, हिला वास नाही,” ती म्हणाली. “रंगव पाहिजे तेवढं.”

एजा म्हणजे बाप. त्याने पाटी नाकाशी नेऊन हुंगली. खरंच वास नव्हता, आणि त्याच गोष्टीने तो जरा हिरमुसला.

पहिले दिवस म्हणजे नुसती करमणूक. हात इथे, रेघ तिथे. तो पाटीकडेच बघत राहायचा आणि पाटी कोरीच. पडद्याकडे बघितलं की हात भलतीकडे. रेघेला कापरं भरायचं. त्याच्या रेघेला, बघा. तो पेनाला दोष देऊ लागला. एफुआ भट्टीपासून, मान न वळवता म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. त्याने कागदावर पेन्सिलीने होडी काढली होती, तिचा फोटो मान्साने पडद्यावर घेतला, आणि एका बटणाने रंग ओतायचं शिकवलं. याची रेघ एका ठिकाणी उघडी राहिली होती. लाकडावर त्याने काय बिघडतं? इथे पिवळा त्या फटीतून बाहेर पडला आणि होडी, वाळू, आभाळ सगळं पिवळं करून मोकळा झाला. क्वामेनाने झटकन पाटी उचलून तिरकी धरली, सांडलेला रंग एका कोपऱ्यात जमावा म्हणून. मान्सा हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली.

रंग बदलताना तो पेन मांडीवरच्या फडक्याला पुसायचा. पुसायचाच, कितीही सांगा. आणि एक रंग लावून झाला की हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा. मान्साने विचारलं, थांबलास का? तर म्हणे, पिवळा वाळू दे की.

पण हळूहळू हाताला समजत गेलं. दुपारी वारा पडायचा, भट्टीचा धूर अंगणात तरंगायचा, खालून लाटांचा आवाज यायचा, आणि पडवीत तो त्या उजेडाच्या चौकोनाशी नाक लावून बसलेला असायचा. इथले रंग डब्यातल्यासारखे नव्हते. ते आतून पेटलेले होते. त्याला वाटायचं आपण रंगात हात बुडवून नाही, उजेडात हात बुडवून बसलोय. एकदा त्याचा बसल्याबसल्या डोळा लागला. स्वप्नात होडीचे रंग सुटून पाण्यात उतरले, आणि पाणी रंगीत झालं, आणि पहिल्यांदाच त्याला समुद्र लांबपर्यंत दिसला. जागा झाला तेव्हा पडदा काळा पडला होता. त्याने पेनाने पाटीला हलकेच टोचलं, माणसाला उठवतात तसं.

मान्साने त्याला थर शिकवले. एका थरावर लाकूड, त्यावर आकाशी, त्यावर पिवळा, त्यावर लाल, आणि हवा तो थर उचलून बाजूला ठेवता येतो. मग केलेलं मागे घ्यायचं बटण शिकवलं. चुकलं की दाबायचं, शेवटची रेघ निघून जाते. पुन्हा दाबलं की तिच्या आधीची. हे त्याला फार विचित्र वाटलं. एका दुपारी मान्सा विहिरीवर गेली असताना तो ते बटण दाबत बसला. लाल गेला. पिवळा गेला. आकाशी एकेक पट्टा करून गेला. शेवटी उरलं नुसतं कोरं लाकूड, झाडातून नुकतं काढलेलं. आणि बोट बटणावर तसंच ठेवून तो विचार करत राहिला, की आणखी दाबलं तर आणखी मागे जाईल का. होडी आली नाही त्या पहाटेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. इंजिनाचं तेल संपलंय, आज नका जाऊ, एवढंच काहीतरी निमित्त सांगायचं होतं. त्याचे डोळे भरून आले. मान्सा परत आली तर बापाने सगळं काम पुसून ठेवलेलं. पुढे जायचंही एक बटण असतं, तिने ते दाबलं, आणि रंग एकेक करून परत आले.

हिरव्याचा प्रश्न मात्र तिथेच. बायकोचं मन राखायला त्याने एक दिवस अख्ख्या होडीला हिरवा ओतला. कोवळ्या पानाचा, मान्साने मदत केली शोधायला. बघितलं आणि लगेच मागे घेतला. ही कोणा दुसऱ्याची होडी, तो म्हणाला. मग आकाशी आणि पिवळा यांचे रुंद पट्टे केले. तेही पटेना. मान्साला आठवत असेल म्हणावं, तर ती तेव्हा शाळेच्या वसतिगृहात. एफुआला पडद्यापाशी बोलावलं तर ती आली नाही. काचेतलं नको, म्हणाली. पाण्यावर दाखव. तेव्हा बघीन, नाहीतर समुद्राकडे पाठ केलीच आहे.

मंगळवारी आमच्याकडे समुद्रात कोणी जात नाही. तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. सगळ्या होड्या वाळूवर, जाळी विणणं चाललेलं, एकही इंजिन वाजत नाही. अशाच एका मंगळवारी त्या शांततेत क्वामेनाला आठवलं. अचानक नाही, वाफ निवळते तसं. ते पट्टे त्याने रंगवलेच नव्हते. योफीने रंगवले होते, मंगळवारी सुट्टी असायची म्हणून. आकाशीची एक बारीक उभी काडी, तिला चिकटून पिवळ्याची, पुन्हा आकाशीची, फणीच्या दातांसारख्या, टोकापासून टोकापर्यंत. बाप म्हणाला होता, अरे जन्म जाईल तुझा यात. पोरगा म्हणाला होता, जाऊ दे, होडी माझी आहे ना.

त्याने मान्साला होडी जवळ आणायला सांगितली. इतकी जवळ, की पडद्यावर नुसतं अंगाचं वितीएवढं लाकूड. आणि काड्या काढू लागला. मान्सा म्हणाली, एजा, चार काढ, बाकीच्या मी एका क्षणात उमटवते. तो म्हणाला, नको. एकासारखी एक नव्हती. काही वाकड्या होत्या, हसताना हात हलायचा त्याचा. वाकड्या होत्या त्या त्याने वाकड्या काढल्या. आंबवलेल्या मक्याचा केंके पानात तसाच गार व्हायचा, मिरचीची चटणी सुकून जायची, लाइट जायची तेव्हा तो तसाच पेन धरून बसायचा, आली की पुढची काडी. किती दिवस गेले कोण जाणे. होडी त्याला अख्खी दिसतच नव्हती. नाकासमोरचा तुकडा संपला की तो सरकवून पुढचा, आयुष्यभर जसं केलं तसं.

शेवटची काडी काढून त्याने पेन फडक्याला पुसला. मान्साने होडी लांब नेली, सगळी एका नजरेत दिसेल इतकी.

“हिरवा कोणी ओतला?” क्वामेना ओरडलाच.

मान्साही बघत राहिली. पडद्यावरची होडी बोटाएवढी झाली होती, आणि ती हिरवी होती. जरा धुळकट, पण केळीच्या कोवळ्या पानाची. तिने ती जवळ आणली. आकाशी काडी, पिवळी काडी. लांब नेली. हिरवी. त्याने तिच्या हातातून पेन घेतला आणि स्वतः केलं. जवळ. लांब. जवळ. लांब. एखादं मूल दार उघडझाप करतं तसा तो म्हातारा ते करत राहिला.

“लांबून हिरवी दिसायची,” तो म्हणाला. “मान्सा, तुझी आई खोटं नव्हती बोलत. मी कधी लांबून बघितलंच नाही गं.”

त्याला लाज वाटली, आणि आनंदही झाला, आणि दोन्हींच्या खाली एक दुःख होतं. मुलाचा हात त्याला ठाऊक होता. पण त्या वर्षांत रोज पहाटे ही बाई त्या अंगणात उभी राहून काय बघत होती, ते आज त्याला पहिल्यांदा दिसलं होतं. जे लांब होतं ते कोणीतरी उचलून त्याच्या हाताच्या अंतरावर आणून ठेवलं होतं.

तो उठून भट्टीपाशी गेला. सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण ती म्हणाली होती, पाण्यावर दाखव. म्हणून एवढंच म्हणाला, की हिरवा सापडला.

“बघू,” एफुआ म्हणाली.

खालच्या रंगाऱ्यांनी चित्र बघून कपाळाला हात लावला. एवढ्या काड्या कोण काढणार, रुंद पट्टे मारतो की, कोणाला कळतंय? क्वामेनाने ऐकलं नाही. नाकातोंडाला फडकं बांधून, वारा येतो त्या बाजूला स्टूल टाकून तो रोज बसला आणि एकेक काडी घासाघीस करून काढून घेतली. वाकड्या वाकड्याच काढा म्हणाला, तेव्हा तर त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग एके संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी वाळूवर दारूचे थेंब ओतून जुन्या बुडालेल्यांची नावं घेतली, त्यांत योफीचंही घेतलं, आणि नवी होडी पाण्यात गेली. एफुआ वरच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे क्वामेना अंगणात येऊन बसला. आभाळ नुकतं राखाडी होत होतं. शेजारच्या अंगणांतल्या बायका कठड्याशी उभ्या राहून नेहमीसारखं ओरडून होड्या ओळखत होत्या, ही अमक्याची, ती तमक्याची, मेली रिकामी दिसतेय. एफुआ भट्टीकडे तोंड करून लाकडं सारत होती. क्वामेनाला समोर नेहमीचा धूर दिसत होता. त्यात कुठेतरी ती असेल, एवढंच. म्हणून त्याने समुद्राकडे बघितलंच नाही. तो बायकोकडे बघत बसला. ती हाताच्या अंतरावर होती.

मग एकेक करून बायका गप्प झाल्या.

ती शांतता एफुआच्या पाठीला कळली असावी. तिचा हात लाकडावर थांबला. ती वळली. योफी त्या होडीत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, वेडी नव्हती ती. पण तिचे डोळे पाण्यावर एका जागी गेले आणि तिथून हलले नाहीत, आणि मग तिथून हळूहळू किनाऱ्याकडे सरकू लागले. क्वामेनाने श्वास धरून ठेवला होता. छाती वाजू नये म्हणून.

एफुआ उभी राहिली. कमरेचं फडकं तिने सोडलं. त्याला पीळ दिला, गोल वळवलं, डोक्यावर ठेवलं. भिंतीला उपडं टाकलेलं जुनं घमेलं तिने उचललं, आतली धूळ हाताने पुसली आणि ते चुंबळीवर चढवलं. अंगणाच्या कडेला जाऊन ती क्षणभर थांबली.

“योफीच्या बापा,” ती म्हणाली, “जाळीवरचे मासे बघ, करपतील. मी खाली जाऊन येते.”

ती उतारावरून चालू लागली. त्याला दिसेनाशी होईपर्यंत त्याने तिच्याकडे बघितलं, म्हणजे फार वेळ नाही. मग तो उठला आणि भट्टीपाशी जाऊन मासे उलटू लागला.